डिस्क बदलू, पण अमानत सांभाळून



आपल्या केंद्रातल्या कम्प्युटरची सी ड्राइव्ह भरली आहे. एसएसडी २५६ जीबीची. स्क्रीनवर ती २३८ दिसते, कारण कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातली चार-पाच जीबी उरली आहे, म्हणून अपडेट अडकतं, स्कॅन सेव्ह होत नाही. नवा कम्प्युटर घ्यायची गरज नाही. मशीन चांगलं आहे, कमी पडते ती जागा. एक टीबीची एसएसडी बसवली की काम होईल. माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम दुकानात सोडून यायचं नाही, आपण इथेच बसून करायचं.

कारण या डिस्कवर काय आहे ते आठवा. मदत मागायला आलेल्या बायकांचे अर्ज, निकाहनामे, पोलिसांत दिलेल्या तक्रारींच्या प्रती, शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी स्कॅन केलेली मुलांची आधार कार्डं, पासबुकं, जन्मदाखले. दुकानदार वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण एखाद्या बाईने सासरच्यांच्या नकळत आपला कागद इथे आणून दिला, तो आपल्यावर विश्वास ठेवून. ही अमानत आहे. अमानत म्हणजे फक्त सोनं आणि पैसे नाहीत, हे आपल्या पिढीने समजून घ्यायला हवं.

दुसरी गोष्ट, एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखंच. ४ एप्रिल २०१३ ला इथेच शीळफाट्याजवळ एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. तुमच्यातले काही तेव्हा शाळेत असतील. अशा इमारतींतून आजही आपली माणसं राहतात. घर पडतं तेव्हा कागदाचं कपाटही त्याखाली जातं, आणि जे वाचतात त्यांना पुढे प्रत्येक खिडकीवर तेच कागद मागितले जातात. म्हणून डिस्क बदलण्याआधी सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, पासवर्ड लावून, आणि ती डिस्क दुसऱ्या जागी. क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे. क्लोन करतानाच चूक झाली, तर हीच प्रत कामाला येईल.

आता प्रत्यक्ष काम. खरेदीआधी मशीनचं मॉडेल बघा. जुन्या मशीनमध्ये अडीच इंची साटा डिस्क बसते, नव्यांत एम डॉट टू ची पट्टी. या पट्टीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला जवळपास सारखे, पण प्रत्येक खाचेत दोन्ही चालतातच असं नाही. साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. पण फॉर्म भरायला आणि स्कॅन ठेवायला साटाही भरपूर झाली. नुसत्या वेगासाठी संघटनेचे पैसे घालवू नका.

क्लोन करण्याआधी बिटलॉकर चालू आहे का तपासा. बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि बिटलॉकर बंद करा. डिस्क पूर्ण उलगडायला वेळ लागतो, तो द्या. मग नवी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये जोडा, पेनड्राइव्हवरून क्लोनझिला सुरू करा. ते मोफत आहे. तिथे सोर्स म्हणजे जुनी, टार्गेट म्हणजे नवी. उलटं निवडलंत तर सगळं पुसलं जाईल. म्हणून डिस्कचं नाव आणि आकार एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडताळायचा, मगच एंटर.

क्लोन झाला की मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा, नवी बसवा. पहिल्यांदा दोन्ही जोडून सुरू करू नका. दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज गोंधळतं. सुरू झालंच नाही, तर बायोसमध्ये बूटचा क्रम बघा. सुरू झाल्यावर सी ड्राइव्ह अजून २३८ चीच दिसेल. घाबरू नका. उरलेली जागा मोकळी पडलेली असते. एक्स्टेंडचा पर्याय फिकट दिसला, तर बहुधा मध्ये छोटं रिकव्हरी पार्टिशन आडवं आलेलं असतं. जी-पार्टेडने ते शेवटाला सरकवा, मग सी वाढेल. शेवटी बिटलॉकर परत चालू करा.

जुन्या डिस्कचं काय? महिनाभर कुलपात ठेवा. त्याहून फार नको, कारण एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातला डेटा विरू शकतो. नवी नीट चालतेय अशी खात्री झाली की जुनी पुसा. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं आत तशीच राहतात. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरा. नंतर तीच डिस्क एखाद्या विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये बसवता येईल. पण न पुसलेली डिस्क इथून भंगारात जाता कामा नये. भंगारात गेलेली वस्तू पुढे कुणाच्या हाती पडते, हे इथल्या माणसांना मी सांगायला नको.

रविवारी हे काम करू. तिघं पुरेत, आणि त्यात निदान एक मुलगी असू दे. अर्ज बायकांचे आणि कम्प्युटर मात्र मुलग्यांच्या ताब्यात, ही रीत आपल्याकडे नको. येताना बारीक स्क्रूड्रायव्हर, आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि एक वही आणा. वहीत प्रत्येक पायरी लिहून ठेवू, म्हणजे पुढच्या वेळी तुमच्यापैकीच कुणीतरी हे दुसऱ्यांना शिकवेल.