लेकरू रात्री झोपतं का?



जालना रस्त्यावरचं, शेंद्र्याच्या कारखान्यांशेजारचं करमाड हे आमचं गाव. इथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. धडधाकट माणूस घामाच्या जोरावर तो उन्हाळा काढतो. पण ज्या लेकराला जन्मतःच घामाच्या ग्रंथी नाहीत किंवा नावापुरत्या आहेत, त्यानं काय करावं? एक्टोडर्मल डिस्प्लेझिया या दुर्मिळ जनुकीय आजाराच्या एका प्रकारात असं होतं. सोबत मोजके टोकदार दात आणि विरळ केस.

हा आजार आपल्याकडे नवा नाही. सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल चार्ल्स डार्विननं १८७५ साली लिहून ठेवलंय : चार पिढ्यांत दहा पुरुषांना थोडेच दात, लवकर टक्कल आणि उन्हाळ्यात कोरड्या कातडीचा जाच. लेकींना त्रास नसे, पण त्यांच्या मुलांत तो उतरे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता.

दिवसाच्या उन्हाची काळजी सगळे घेतात. रात्रीचं मात्र कुणी विचारत नाही, आणि माझं सारं म्हणणं तेवढंच आहे. झोपेच्या वेळी शरीर हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर टाकतं. आतलं तापमान रात्रीतून साधारण एक अंशानं उतरतं. ते उतरलं नाही तर झोप लागत नाही, लागली तरी मोडते. लेकरू अंथरूण सोडून फरशीवर सरकतं. आई ओला पंचा अंगावर टाकते. पंख्याखाली तो बघता बघता वाळतो, ती पुन्हा उठते. अंग तापलंय म्हणून तापाची गोळी दिली जाते. पण हा जंतूंचा ताप नव्हे, त्याला गोळीचा उपयोग होत नाही. त्याला पाणी आणि वारा लागतो. कोरड्या हवेत कूलर चालतो, पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की तोही हात टेकतो. अशा घरात रात्रीची वीज हे औषधच आहे.

केंद्राचं दुर्मिळ आजार धोरण २०२१ साली आलं, मुंबईच्या केईएमसारखी केंद्रं नेमली गेली. पण करमाडच्या लेकराला तिथवर पोहोचायचं तर आधी इथल्या दवाखान्यात कुणीतरी विचारायला हवं : घाम येतो का? रात्री झोपतं का?

म्हणूनच आजच्या मेळाव्याचं पहिलं सत्र आम्ही अशा लेकरांच्या आई-वडिलांना दिलंय. त्यांनी रात्रीचं सांगावं, डॉक्टरांनी लिहून घ्यावं. मंडपात कूलर आहेत, पाण्याचे हंडे आणि पंचे डाव्या बाजूला ठेवलेत. संकोच करू नका.