आठ आण्याचं नाणं

बी. ए. झालेल्या आणि कविता करणाऱ्या मुलाला नोकरी सहजासहजी मिळत नाही, हे मला लवकरच कळलं. कसबा गणपतीपासून हाकेच्या अंतरावर चष्म्याचं एक दुकान होतं. 1990च्या सुमाराला मी तिथं काउंटरवर लागलो. मालक म्हणाले, ‘‘तू चारचौघांत कविता म्हणतोस ना? म्हणजे बोलायची लाज नाही. उन्हात काळी होणारी काच आजपासून तू दाखवायची.’’

दुकानात त्या काचेला ‘पीजी’ म्हणत. दाखवायची पद्धत साधी होती. काचेच्या खोलगट बाजूवर आठ आण्याचं नाणं ठेवायचं, गिऱ्हाइकाला घेऊन पायरीवर यायचं आणि काच मिनिटभर उन्हात धरायची. काच आधी धुरकट होई, मग करडी. तेवढ्यात नाणं उचलायचं. खाली गोल, पांढरा स्वच्छ ठिपका! माणसं लहान मुलासारखी हसत. मग तो ठिपकाही बघता बघता काळा होऊन जाई. एखादा चिकित्सक गृहस्थ काच आत नेऊन ट्यूबलाइटखाली धरी आणि ‘‘इथं काहीच होत नाही,’’ म्हणे. होणारच नाही. तिला उजेड नव्हे, उन्हातले अतिनील किरण लागतात. म्हणून ढगाळ दिवशीही ती थोडी काळवंडते. आणि मोटारीत बसलं की मात्र भर उन्हातसुद्धा पुरेशी काळी होत नाही, कारण पुढच्या काचेच्या दोन थरांमधला प्लास्टिकचा पापुद्रा हे किरण अडवतो.

या काचेची हकिगत मला अजूनही कवितेपेक्षा सुरस वाटते. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीचे आर्मिस्टेड आणि स्टूकी यांनी 1964 साली तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. काचेत चांदीच्या क्षाराचे कण असतात, साधारण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे. जुन्या फोटोच्या फिल्मवर असत, त्याच जातीचे. ऊन पडलं की त्यातली चांदी मोकळी होते आणि काच काळी दिसते. फिल्मवरचा काळेपणा कायमचा. इथं मात्र चांदीपासून सुटलेलं काचेत कोंडलेलंच राहतं, म्हणून सावलीत पुन्हा जोडी जमते. आणि ही देवघेव घडवून आणायला काचेत किंचित तांबं घातलेलं असतं.

तांबं म्हटलं की आमच्या पेठेत तांबट आळी. तिथल्या ठोक्यांवर आम्ही वाढलो. त्या आळीतले एक वयस्क कारागीर एके सकाळी दुकानात आले. म्हणाले, ‘‘काय रे कवी, ऊन डोळ्यात घुसतं बघ. रात्री दिव्याभोवती कडं दिसतं. काहीतरी दे.’’

आता खरं सांगतो. पहिल्याच दिवशी मालकांनी मला बजावलं होतं, ‘‘दिव्याभोवती कडं दिसतं असं कुणी म्हणालं, तर काच दाखवू नकोस. मला हाक मार.’’ मालक आतच बसले होते. पण महिनाअखेर होती, आणि पीजीच्या प्रत्येक जोडीमागे मला वेगळे पैसे मिळत. मी नाणं काढलं. तुमच्या चष्म्यात तांबं आहे काका, असंही वर म्हणालो. त्यांना फार गंमत वाटली. चष्मा खपला.

तीन-चार महिन्यांनी काका आले ते उजवा हात गळ्यात अडकवून. हातोड्याचा हात. उन्हातून वाड्यात शिरले, काच काळीच होती, जिना अंधारा, आणि एक पायरी चुकली. ही काच काळी व्हायला मिनिट लागतं, पण पुरती पांढरी व्हायला कितीतरी मिनिटं जातात. हे मी कुणालाच सांगत नसे. प्रात्यक्षिकात ते येतच नव्हतं. मालकांनी बॅटरीच्या उजेडात त्यांचे डोळे पाहिले आणि म्हणाले, ‘‘मोतीबिंदू आहे. डॉक्टरांकडे जा.’’ मग माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

ऑपरेशन झालं. पुढे काका साध्या काचा करायला आले, तेव्हा जुना चष्मा काउंटरवर ठेवून म्हणाले, ‘‘हा तुलाच राहू दे, कविता लिहिताना घाल.’’ पैशाचं काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर दुकानात होतो तोवर नाणं काढण्याआधी मी रात्रीच्या दिव्याचं विचारत असे. पीजीचा खप थोडा कमी झाला, एवढं खरं.

आता पन्नाशी ओलांडल्यावर मीही तसलाच चष्मा घेतला. हल्ली या काचा बहुतेक प्लास्टिकच्या असतात, त्यात चांदी नाही. उन्हात आकार बदलणारे रंगाचे रेणू असतात, आणि काही वर्षांनी ते थकतात. गंमत म्हणजे काच तापली की कमी काळी होते. म्हणजे वैशाखापेक्षा महाबळेश्वरच्या थंडीतल्या उन्हात जास्त. दुकानातल्या मुलीनं काचेवर जांभळ्या उजेडाची पेनाएवढी बॅटरी मारली, क्षणात डाग उमटला. पायरीवर यायची गरजच उरली नाही.

आमच्या घराचा जिनाही अंधाराच आहे. उन्हातून आलो की मी खाली उभा राहतो, चष्मा काढून हातात घेतो, मग चढतो. बायको वरून म्हणते, ‘‘एवढे पैसे मोजलेत ते चष्मा हातात धरायला का?’’