आघाडीवर कोण?

स्पर्धा चालू असताना जो पुढे असतो, तो आघाडीवर असतो. 'आघाडी' म्हणजे पुढची बाजू. शब्दाच्या मुळाशी संस्कृत 'अग्र' आहे. चालत्या फौजेचा पुढचा भाग ती आघाडी, मागचा ती पिछाडी. घोडा बांधण्याच्या दोऱ्यांनाही हीच जोडी लागते: पुढच्या पायांची अगाडी, मागच्या पायांची पिछाडी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फिरलेल्या माणसाला ही जोडी नवी नाही.

हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो मतमोजणीच्या दिवशी. एकेक फेरी जाहीर होते, तसा कोणी आघाडी घेतो, कोणाची आघाडी घटते, कोणी पिछाडीवर जातो. म्हणजे आघाडी ही तेवढ्या वेळेपुरती जागा आहे, निकाल नव्हे. धुळे लोकसभा मतदारसंघाने २०२४ मध्ये हे नेमके दाखवले. सहा विधानसभा क्षेत्रांपैकी धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण आणि मालेगाव बाह्य या पाचांत भाजपचे सुभाष भामरे आघाडीवर राहिले. एकट्या मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली, आणि ३,८३१ मतांनी त्या विजयी झाल्या. पाच ठिकाणच्या आघाड्यांची बेरीज एका आघाडीपुढे कमी पडली.

बच्छाव महाविकास आघाडीच्या उमेदवार होत्या. इथे 'आघाडी' म्हणजे पक्षांची एकजूट. त्यामुळे 'आघाडीचा उमेदवार आघाडीवर' या वाक्यात एकच शब्द दोन अर्थांनी येतो; कोणता कुठे, हे प्रत्यय सांगतो. 'आघाडीचा फलंदाज' किंवा 'आघाडीची अभिनेत्री' म्हटले, की तिसराच अर्थ निघतो: पहिल्या काही नामवंतांपैकी एक. तिथे पहिला क्रमांक असलाच पाहिजे असे नाही.

'अग्रेसर' हा याच कुळातला, पण स्वभावाने वेगळा शब्द. 'अग्रे' म्हणजे पुढे, 'सर' म्हणजे जाणारा. जळगाव जिल्हा केळीच्या उत्पादनात अग्रेसर आहे, असे म्हणतात. कारण ते स्थान वर्षानुवर्षे टिकले आहे, फेरीगणिक बदलत नाही. 'बाजी मारली' हे मात्र खेळ संपल्यावरच म्हणायचे. शेवटची फेरी मोजून झाली, की 'आघाडीवर' हा शब्द मागे घ्यावा आणि 'विजयी' म्हणावे.