शहराचे रस्ते आणि मृगाचे पाणी



वसंत व्याख्यानमालेत काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांवरील व्याख्याने ऐकण्याची आपल्याला सवय आहे. अशा व्यासपीठावरून नाल्या, गिट्टी आणि खड्डे यांविषयी बोलायला उभे राहणे म्हणजे मेजवानीच्या पंगतीत पिठलेभाकर वाढण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहोत. पण मृगाला आता जेमतेम महिना-दीड महिना उरला आहे, आणि आम्हांला जे सांगायचे आहे ते मृगानंतर सांगून काही उपयोग नाही.

रस्ता कशाने खराब होतो, असे जयस्तंभ चौकात उभे राहून दहा जणांना विचारले, तर पाच जण म्हणतील ट्रकांनी आणि पाच जण म्हणतील ठेकेदाराने. दोन्ही उत्तरे खोटी आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या शत्रूचे नाव कोणी घेत नाही, तो म्हणजे पाणी. ज्याच्या नावाने खडीच्या रस्त्याला आजही मॅकॅडम म्हणतात, तो जॉन मॅकॅडम 1816 साली इंग्लंडातील ब्रिस्टल भागाच्या रस्त्यांचा व्यवस्थापक झाला. त्याचा सिद्धान्त अगदी साधा होता. गाडीचे ओझे दगड पेलत नाही, दगडाखालची मूळ माती पेलते. ती कोरडी राहिली तर ती वाटेल तेवढे ओझे पेलते, आणि भिजली की कितीही दगड घाला, ते खाली जातात. म्हणजे गिट्टी आणि डांबर हे खरे पाहता मातीवर घातलेले छप्पर आहे. छप्पर गळू लागले की घराचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

आपला जिल्हा धानाचा. तेव्हा ही गोष्ट आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळायला नको. रोवणीपूर्वी शेतकरी बांधीत पाणी साठवतो आणि त्यात नांगर फिरवून चिखलणी करतो. माती पाण्याने भरलेली असताना तिच्यावर ओझे फिरवले की तिचे कण मोकळे होतात आणि तिचा टणकपणा जातो; धानाला तेच हवे असते. आता रस्त्याच्या कडेची नाली तुंबली, पाणी डांबराच्या फटीतून खाली उतरले, आणि वरून धानाची पोती भरलेला ट्रक गेला, तर त्या डांबराखाली दुसरे काय घडते? चिखलणीच घडते. फरक एवढाच, की ती आपल्याला दिसत नाही. दिसतो तो आठ दिवसांनी पडलेला खड्डा. वर्षाला 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि खाली कन्हार किंवा मोरांडसारखी पाणी धरून ठेवणारी माती. अशा प्रदेशात रस्ता राखणे म्हणजे मुख्यतः नाली राखणे होय.

ट्रकाचा दोष किती, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस ट्रक चालवून पाहिले गेले. त्यातून असे आढळले, की आसावरचे ओझे दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. आपल्याकडे 2018 साली केंद्र सरकारने चार चाकांच्या एका आसावरील ओझ्याची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. वाढ दिसायला लहान, शेकडा तेरा. पण वरच्या हिशेबाने झीज वाढते ती शेकडा साठच्या घरात. सायकली आणि मोटारसायकली यांनी रस्ता झिजत नाही म्हटले तरी चालेल. आणखी एक आपल्याकडचाच प्रकार: चिखलणी करून परतणारा ट्रॅक्टर लोखंडी चाकांसकट डांबरी रस्त्यावरून गावात येतो. चाके बदलायला घटकाभर लागतो, तो वाचवण्यासाठी कोसभर रस्ता सोलून निघतो!

आता रस्त्याच्या आकाराकडे वळू. चांगला रस्ता कधी सपाट नसतो. त्याला पाठ असते. सात मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याची मधली बाजू कडेपेक्षा सुमारे साडेतीन इंच उंच ठेवावी लागते. तेवढ्या उतारानेच पाणी कडेला जाते आणि नालीत पडते. पण शहरात काय होते ते पाहा. जुना थर न खरवडता त्याच्यावर नवा थर टाकतात. दोन-तीन वेळा असे झाले की रस्ता घराच्या ओट्याहून उंच होतो आणि पावसाचे पाणी घरात शिरते. घरधनी ओटा उंच करतो, तो उंच करताना हातभर पुढे घेतो, आणि नालीवर फरशी टाकतो. शेजाऱ्याची फरशी पाहून तिसराही टाकतो. अशा तऱ्हेने पन्नास घरांची एक आळी झाकली गेली, की त्या नालीचा गाळ काढायला फावडे घालायचे कोठे? सफाई कामगार दर दहा फुटांवर फरशीला अडतो, आणि आपण आरामात म्हणतो, नगरपरिषद झोपली आहे. नगरपरिषद काही वेळा झोपते, हे खरे. पण तिच्या अंगावर पांघरूण घालणारे आपणच असतो.

खड्डा बुजवण्याचीही एक रीत आहे, आणि ती सर्वांना ठाऊक असावी अशी आमची इच्छा आहे, कारण ती ओळखायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. खड्ड्याभोवतीचा सैल भाग काढून तो चौकोनी कापावा लागतो, कडा उभ्या कराव्या लागतात. आतले पाणी आणि धूळ काढून तो कोरडा करावा लागतो. तळाला आणि कडांना पातळ डांबर लावावे लागते. मग गरम मिश्रण भरून ते दाबून रस्त्याच्या पातळीला आणावे लागते. हे काम ऊन असतानाच होते. भर श्रावणात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मुरूम ओतणे याला आम्ही दुरुस्ती म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तो मुरूम नालीत जातो आणि नाली तुंबवतो.

नालीचा आणि वाहतुकीचा काय संबंध, असे कोणी विचारील. कडेला पाणी साचले की कड प्रथम फुटते. कड फुटली की सायकलवाला, हातठेलेवाला, शाळेत जाणारी मुले, सगळे मध्यभागी येतात. चोवीस फुटांचा रस्ता मग बारा फुटांचे काम करतो, आणि उरलेल्यात कोणी दुकानापुढे गाडी उभी केली की कोंडी ठरलेली. तेथे शिपाई उभा केला किंवा दिवे लावले तरी ते रस्ता रुंद करू शकत नाहीत. आपल्या शहराला तर लोहमार्गाने दुभागले आहे. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाचे महत्त्व वाढवले, पुढे जबलपूरकडे आणि चांद्याकडे जाणाऱ्या लहान गाड्यांनी येथे जंक्शन केले, तांदळाच्या गिरण्या आल्या. परंतु रेलटोलीतून बाजाराकडे यायला वाटा मोजक्याच. साऱ्या शहराची वाहने त्या दोन-चार ठिकाणी गोळा होतात, म्हणून तेथला रस्ता इतरांपेक्षा लवकर झिजतो. त्यातही वाट रुळांखालून असेल तर तीच परिसरातील सर्वांत खोल जागा, म्हणजे पाण्याचे पहिले घर. दुरुस्तीचा पैसा वाटताना अशा जागा आधी घ्याव्यात, वॉर्डावॉर्डांत सारखा वाटू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे. 1927 साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेसमिती नेमली गेली. रस्त्यांचा भार आता स्थानिक संस्थांना झेपण्याजोगा राहिलेला नाही, असे समितीने सांगितले, आणि 1929 पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे अधिक कर घेऊन रस्तेनिधी सुरू झाला. 1943 साली आपल्या नागपुरातच साऱ्या प्रांतांचे मुख्य इंजिनिअर जमले आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे, गावाचे अशी रस्त्यांची वर्गवारी ठरली. या थोर योजनांत शहरातील आळी मात्र कोठेच नव्हती. ती नगरपालिकेची होती आणि आहे. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने रस्ते बांधणे, राखणे, झाडणे, उजळणे आणि अडथळे काढणे हे तिचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. कर्तव्य राहिले, पण 1999 साली राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि त्याऐवजी सरकारी अनुदान आले. शहराच्या कडेला ‘नाका’ हे नाव तेवढे लोकांच्या तोंडी उरले. आज नव्या रस्त्याला वरून निधी मिळतो, त्याचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते. नालीचा गाळ काढण्याची कोनशिला आम्ही अजून कोठे पाहिली नाही. तो खर्च घरपट्टीतून करायचा, आणि घरपट्टी तर आपण मार्च उलटल्यावर भरतो!

आपल्याच जिल्ह्यात याचा एक मोठा दाखला आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या आपले वैभव. पावसाआधी पाळीवर माती चढवायची, पाट मोकळे करायचे, हे गावाचे ठरलेले काम होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. तिच्यात गरिबांवर जुलूम होता. पण तलाव सरकारजमा झाले तेव्हा पाळीवर माती कोणी चढवायची, हे कोणी नीट ठरवले नाही. नंतर कित्येक तलाव गाळाने भरले. ते काही कोणी फोडले नाहीत. नुसते राखले नाहीत.

2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने सुस्थितीतील रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, सदोष रस्त्यामुळे कोणी दगावला तर रस्ता बांधणाऱ्याला व राखणाऱ्याला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद झाली. ही शस्त्रे चांगली आहेत, पण ती माणूस पडल्यानंतरची आहेत. रस्ता कोणाचा, हे आधी विचारावे: नगरपरिषदेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, जिल्हा परिषदेचा की रेल्वेचा. चुकीच्या दारावर दिलेला अर्ज दोन पावसाळे फिरत राहतो.

आणि येत्या पंधरवड्यात आपल्या आळीत गाळ काढायला माणसे आली, तर घरापुढची फरशी स्वतः उचलून द्यावी. काढलेला गाळ नालीच्या काठावरच ढीग करून ठेवलेला असतो. तो उचलणारी गाडी त्याच दिवशी येते की नाही, ते पाहावे. न आल्यास वॉर्डाच्या सभासदाच्या घरी संध्याकाळी चार शेजारी मिळून जावे. कारण वळवाची पहिली सर आली, की तो ढीग कोणाला न विचारता परत नालीत उतरतो.