दूताच्या जिवाचे मोल

दूत अवध्य असतो, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून मानलेले आहे. रावणाने मारुतीला देहान्ताची शिक्षा फर्मावली तेव्हा बिभीषणाने हाच नियम पुढे केला, आणि शिक्षा शेपटीवर निभावली. १९६१ च्या व्हिएन्ना करारात राष्ट्रांनी तोच नियम कलमबद्ध केला. परंतु रस्त्यात दबा धरून बसलेल्या माणसाने त्या करारावर सही केलेली नसते.

पुण्याच्या म्हात्रे पुलावरून रोज हजारो माणसे जातात. तो पूल ज्यांच्या नावाचा, ते रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅमच्या भारतीय कचेरीत अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी घरी परतत असता, बसमधून उतरल्यावर त्यांना पळवून नेण्यात आले आणि थोड्याच दिवसांत त्यांचा मृतदेह सापडला. बर्मिंगहॅम हे कोणाच्याही लेखी धोक्याचे ठाणे नव्हते. जाण्यायेण्याची वाट व वेळ बदलत राहावी, तेच वाहन दुसऱ्यांदा मागे दिसले तर काय करावे, हे शिकवता येते. ती शिकवण असती तर ते वाचले असते, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. ती कोणाकोणाला द्यावी एवढाच माझा प्रश्न आहे.

या शिकवणीवर पैसा किती खर्चावा, याचा कीस अमेरिकेत चांगलाच काढला गेला. ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियातील बेंगाझी येथे वकिलातीच्या आवारावर हल्ला झाला. त्या रात्री चार अमेरिकन मृत्युमुखी पडले. त्यांपैकी राजदूत ख्रिस्तोफर स्टीव्हन्स व शॉन स्मिथ हे गोळीने मेले नाहीत. ज्या भागात सुरक्षित म्हणून आश्रय घ्यावयाचा, तेथेच ते होते. हल्लेखोरांनी इमारत पेटवून दिली आणि धुराने दोघांचा घात केला. भिंत मजबूत होती, दार मजबूत होते. धुराचा विचार मात्र पुरेसा झालेला नव्हता.

त्या वेळी हे शिक्षण निरनिराळ्या भाड्याच्या जागी, एक तर मोटारींच्या शर्यतीच्या मैदानावर, दिले जाई. व्हर्जिनियातील ब्लॅकस्टोन गावाजवळ, फोर्ट पिकेट या लष्करी तळावर, एकच केंद्र उभारावे असे परराष्ट्र खात्याने ठरविले. पहिला आराखडा सुमारे ९५ कोटी डॉलरांचा. तो कापून सुमारे ४६ कोटींवर आणला. तेवढ्यात जॉर्जियातील दुसऱ्या एका सरकारी प्रशिक्षण केंद्राने सांगितले, आम्ही हेच काम २७ कोटींत करू. झाले! काही वर्षे या वादात गेली. अखेर २०१५ साली हिशेब तपासणाऱ्या कचेरीने बांधकामापलीकडचा खर्च मोजला, तेव्हा शिकणाऱ्यांना दरवर्षी जॉर्जियास धाडणेच महाग पडेल असे निघाले. स्वस्त इमारतीचा मोह आपल्याही नगरपालिकांना ठाऊक आहे. ब्लॅकस्टोनचे केंद्र २०१९ साली सुरू झाले. तेथे मुत्सद्द्यास धुरातून वाट काढणे, वाहता रक्तस्राव थांबविणे, अडथळ्यातून मोटार काढून नेणे शिकवितात.

शिक्षणाने सर्व संकटे टळत नाहीत. काबूलच्या आपल्या वकिलातीच्या दाराशी ७ जुलै २००८ रोजी स्फोट झाला. त्यात ब्रिगेडियर मेहता, व्यंकटेश्वर राव आणि पहाऱ्यावरील भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान बळी पडले. अशा स्फोटापुढे कोणते शिक्षण कामी येणार? ८ ऑक्टोबर २००९ रोजी पुन्हा स्फोट झाला, तेव्हा बाहेरच्या भिंतीची मोडतोड झाली, पण आतील अधिकारी बचावले. भिंत, पहारा आणि शिक्षण या तिन्हींना पैसा लागतो. मात्र भिंतीचा खर्च डोळ्यांना दिसतो, शिक्षणाचा दिसत नाही. म्हणून कात्री प्रथम त्याच्यावर चालते.

राजदूताबरोबर रक्षक असतात. व्हिसाच्या खिडकीवरील कारकून संध्याकाळी बसने घरी जातो, त्याची पत्नी परक्या गावात दिवसभर एकटी असते. त्या दोघांनाही हे शिक्षण मिळावे. त्यासाठीची रक्कम परराष्ट्र खात्याच्या मागण्यांत निराळी दाखविली, तर लोकसभेत तिच्याविषयी प्रश्न तरी विचारता येतील.