संगणक उद्योगातील सुप्त पूर्वग्रह



मुंबईतील सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ साली सुरू झाले, तेव्हा संगणकावरचे काम म्हणजे नेमके काय, हे राज्यात फार थोड्यांना ठाऊक होते. आज तालुक्याच्या गावी शिकलेली मुलेमुली पुण्याच्या हिंजवडीत बसून अमेरिका, जर्मनी, ब्रिटन येथील सहकाऱ्यांबरोबर एकच सॉफ्टवेअर तयार करीत असतात. यांपैकी अनेकांची प्रत्यक्ष भेट वर्षानुवर्षे होत नाही. दूरध्वनीवरील आवाज, पडद्यावरील नाव आणि लिहिलेला मजकूर एवढ्यावरूनच एकमेकांची पारख करावी लागते. माहिती जेथे अपुरी असते, तेथे मन आपल्याजवळचा तयार साचा पुढे करते.

मानसशास्त्रात यालाच सुप्त पूर्वग्रह असे म्हणतात. अँथनी ग्रीनवाल्ड आणि महजरीन बानाजी यांनी १९९५ साली एका निबंधात या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. (बानाजी या मूळच्या सिकंदराबादच्या, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) उघड द्वेष करणारा माणूस ओळखता येतो. येथे मात्र माणूस स्वतःला प्रामाणिकपणे निःपक्षपाती समजत असतो आणि तरीही त्याचा कौल एका बाजूला झुकलेला असतो.

भारतीय अभियंत्यांविषयी परदेशात रूढ झालेला साचा सर्वश्रुत आहे. तो म्हणे कधी 'नाही' म्हणत नाही, सांगितले तेवढेच करतो, बैठकीत तोंड उघडत नाही. यातील वस्तुस्थिती तपासून पाहण्याजोगी आहे. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. दिवसभराच्या कामानंतर, परक्या भाषेत, खरखरणाऱ्या दूरध्वनीवर, ज्याच्या हाती कंत्राटाचे नूतनीकरण आहे अशा ग्राहकासमोर बसलेला तरुण फारसे बोलत नसेल, तर त्यासाठी त्याच्या संस्कृतीचा दाखला शोधण्याची गरज नाही. त्या जागी कोणत्याही देशाचा माणूस बसवला, तरी तो जपूनच बोलेल. शिवाय मराठी माणूस बोलण्याच्या ओघात 'हो, हो' म्हणतो, तेव्हा पुष्कळदा 'ऐकतो आहे' एवढेच त्याला सुचवायचे असते. पलीकडचा त्याला काम स्वीकारल्याची ग्वाही समजतो आणि मुदत टळली की दोष स्वभावावर जातो. परिस्थितीतून आलेले वर्तन माणसाच्या जातकुळीला चिकटवणे, हेच या साच्याचे मर्म होय.

हा साचा पुसण्यासाठी म्हणून जी संस्कृती-प्रशिक्षणे दिली जातात, ती कित्येकदा त्याला अधिकच घट्ट करतात. त्यांचा मोठा आधार म्हणजे डच संशोधक खेर्ट हॉफस्टेड यांचा १९८० सालचा ग्रंथ. आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवर तो उभा आहे. अधिकारपदाबद्दलच्या अंतराच्या मोजपट्टीवर त्यात भारताला ७७, तर नेदरलँड्सला ३८ गुण आहेत. हे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत, ते एकेका व्यक्तीला लावू नयेत, असे खुद्द हॉफस्टेड यांनीच बजावले होते. वर्गाची सरासरी पंचेचाळीस म्हणून समोरच्या विद्यार्थ्याला पंचेचाळीसच गुण कोणताही शिक्षक देणार नाही. प्रशिक्षणवर्गात मात्र नेमके तेच घडते.

नावाचा परिणाम किती होतो, याचे पुरावे प्रयोगांतून मिळाले आहेत. गिटहब या संकेतस्थळावर जगभरातील प्रोग्रामर एकमेकांच्या कामात बदल सुचवतात. तेथील प्रस्तावांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. एकंदरीत पाहता स्त्रियांचे प्रस्ताव पुरुषांच्या प्रस्तावांपेक्षा अधिक प्रमाणात स्वीकारले गेले होते. परंतु प्रस्ताव देणारी व्यक्ती त्या गटाला नवखी असून ती स्त्री आहे हे ओळखू येत असेल, तर स्वीकृतीचे प्रमाण पुरुषांपेक्षा खाली येत असे.

दोष सर्वस्वी पलीकडच्यांचा, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००५ पासून भारतीय वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता समान, फक्त नावे वेगळी. २००७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश आढळली. महाराष्ट्रात आडनाव ऐकताच पुढचा हिशेब मनातल्या मनात करणाऱ्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. हेच साचे पुढे सामानाबरोबर परदेशी जातात. अमेरिकेतील सिअॅटल नगरपरिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला, तो तेथील दक्षिण आशियाई कामगारांच्या तक्रारी ऐकूनच.

या संदर्भात २००९ साली प्रसिद्ध झालेला दिल्ली परिसरातील प्रयोग विशेष मनन करण्यासारखा आहे. संशोधकांनी ३७१ जागांसाठी ३,१६० काल्पनिक अर्ज पाठविले. सॉफ्टवेअरच्या जागांसाठी जातीच्या नावावरून भेद केल्याचा पुरावा मिळाला नाही. कॉल सेंटरच्या जागांसाठी मात्र इतर मागासवर्गीय नावांना स्पष्टपणे कमी बोलावणी आली. प्रोग्राम चालतो की नाही, हे यंत्र सांगते. उमेदवाराचे बोलणे 'शोभेसे' आहे की नाही, हे ऐकणारा ठरवतो. मोजमाप जेथे सैल, तेथे साच्याला वाव मिळतो, असा अर्थ यातून निघू शकतो. अभियंता कनिष्ठ असेतोवर त्याचे काम यंत्राकडून तपासले जाते. तो गटप्रमुख होऊ पाहतो, तेव्हा 'नेतृत्वगुण', 'पुढाकार', 'संवादकौशल्य' असल्या व्याख्या नसलेल्या शब्दांवर त्याची बढती ठरते, आणि साचा तेथे दबा धरून बसलेला असतो.

म्हणून उपदेशापेक्षा कार्यपद्धतीतील फेरफार अधिक उपयोगी पडतात. केवळ नाव झाकणे हा अपुरा इलाज आहे. गुगल कंपनीत सुमारे ३०० अभियंत्यांनी लेखकाचे नाव लपवून कोड तपासून पाहिला, तेव्हा बहुतेक वेळा लेखक कोण हे तपासणाऱ्यांनी ओळखलेच. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न विचारणे, चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपापले गुण लिहून देणे, 'पुढाकार' म्हणजे कोणती कृती हे वर्षाच्या आरंभीच ठरविणे, हे उपाय साधे व बिनखर्चाचे आहेत. निवड समितीवर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि शिक्षकांनाही ते परके वाटू नयेत. बैठकीपूर्वी विषय लेखी पाठवले, तर दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्याला उत्तर जुळवावयास अवधी मिळतो. 'जमेल का?' या प्रश्नाऐवजी 'कोणती अडचण येईल?' असे विचारले, तर 'हो' या एका शब्दावर भागत नाही.

बैठकीची वेळही पाळीपाळीने बदलता येते. कॅलिफोर्नियातील मंडळी उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला बसावयास तयार झाली, तर पुण्यात तेव्हा सायंकाळचे सातच वाजलेले असतात.