खालच्या पाड्याला विचारलं का?
(पवनार येथील भाषण)



वर्ध्याच्या नळाला येणारं पाणी धाम धरणातून सुटतं, नदीतून वाहत येतं आणि येळाकेळीला व इथे पवनारला उचललं जातं. वाटेत गुरं ते पितात, काठच्या विहिरींना त्याचा पाझर लागतो. उद्या कुणी म्हणालं, धरणापासूनच बंद पाइप टाकू, तर नदीकाठाचं काय?

मावळात हेच झालं. पवना धरणाचं पाणी नदीतून खाली येतं आणि रावेतला पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. महापालिकेनं धरणापासून थेट बंद जलवाहिनी आणायचं ठरवलं. शहराची बाजू खोटी नव्हती. उघड्या नदीत पाणी मुरतं, घाण होतं. पण जे मुरतं त्यावरच काठच्या विहिरी जगतात, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. शिवाय धरणात जमिनी गेलेल्या कित्येकांचं पुनर्वसन राहिलेलंच होतं. 9 ऑगस्ट 2011 रोजी लोक मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले, त्यात एक बाई होती. काम थांबलं. 2023 मध्ये सरकारनं स्थगिती उठवली, तेव्हा गावं पुन्हा विरोधात उभी राहिली.

अमेरिकेत 2016 साली स्टँडिंग रॉकच्या सू आदिवासींनी तेलाच्या पाइपलाइनला विरोध केला. ती मिसूरी नदीवरच्या जलाशयाखालून जाणार होती, आणि तेच त्यांचं पिण्याचं पाणी. तिथे पाण्यात तेल उतरण्याची भीती, मावळात पाणीच पाइपात जाण्याची. 3 नोव्हेंबरला निरनिराळ्या मंडळ्यांचे पाचशेहून अधिक पाळक व सेवक त्यांच्या छावणीत जाऊन सोबत उभे राहिले. 2017 मध्ये त्या पाइपातून तेल वाहू लागलंच. तरी त्या पाळकांचं जाणं मला वाया गेलेलं वाटत नाही.

आता आपल्या कामाकडे येते. एखाद्या पाड्यावर झरा बांधायचा, टाकी करायची, घराघरांत नळ द्यायचा, यासाठी आपण देणगी देतो. चांगलंच काम आहे. हंड्यापायी बायांच्या माना मोडतात. पण त्याच झऱ्याचं ओघळतं पाणी खालच्या पाड्याच्या झिऱ्यात उतरत असतं. त्या पाड्याची सही कुठल्याच अर्जावर नसते. म्हणून देणगी पाठवताना सोबतच्या पत्रात एवढं विचारा: खालच्या पाड्यावरच्या बायांशी बोलणं झालं का, आणि कुठल्या महिन्यात? श्रावणातलं उत्तर धरू नका, मे महिन्यातलं मागा. ते येईपर्यंत धनादेश थांबला तरी चालेल.